ओझोनचं छिद्र भरत चाललंय, मग त्वचेची आणि डोळ्यांची काळजी अजून का मिटलेली नाही?

दरवर्षी १६ सप्टेंबरला जागतिक ओझोन दिन येतो आणि शाळाशाळांत तीच पोस्टर्स भिंतीवर लागतात. पृथ्वीवर धरलेली छत्री, छत्रीला पडलेलं भोक आणि भोकातून खाली घुसणारे लाल बाण. मधल्या काळात बातमी मात्र बदलली आहे. २०२५ मध्ये अंटार्क्टिकावर पडलेलं ओझोनचं छिद्र १९९२ पासूनच्या नोंदींमध्ये पाचव्या क्रमांकाचं लहान होतं, असं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी जाहीर केलं. २०२४ चं छिद्र याच यादीत सातव्या क्रमांकावर होतं.

आता 'लहान' म्हणजे किती? तर ऐन हंगामात सरासरी सुमारे १ कोटी ८७ लाख चौरस किलोमीटर. भारताच्या क्षेत्रफळाच्या साडेपाच पटींहून जास्त.

म्हणजे छिद्र भरतंय, पण भरलेलं नाही. ते पूर्ण भरायला आणखी चाळीसएक वर्षं लागतील, असं संयुक्त राष्ट्रांशी संलग्न शास्त्रज्ञांच्या गटाचं म्हणणं आहे. तोवर माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो आणि घरातल्या एसीचा या सगळ्याशी काय संबंध आहे, हे समजून घेण्यासाठी आधी ओझोनपासून सुरुवात करावी लागेल.

थर आहे तरी केवढा?

'ओझोनचा थर' म्हटलं की आकाशात पसरलेली जाड चादर डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबरात, हा वायू अतिशय विरळ पसरलेला आहे. एखाद्या ठिकाणच्या डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणला आणि इथल्या दाबाखाली पसरला, तर त्याची जाडी भरेल जेमतेम तीन मिलिमीटर. शास्त्रज्ञ ती डॉब्सन एककात मोजतात. तीन मिलिमीटर म्हणजे ३०० डॉब्सन. हा आकडा २२० च्या खाली गेला की त्या भागाला 'छिद्र' म्हणतात. म्हणजे छिद्र म्हणजे आरपार भोक नव्हे, तर फार पातळ झालेला भाग.

या तीन मिलिमीटरचं काम मात्र मोठं आहे. सूर्याच्या अतिनील किरणांचे तीन प्रकार आहेत. यूव्ही-सी सगळ्यात घातक, पण ते वातावरणात पूर्णपणे अडतात. यूव्ही-ए जवळपास सगळे जमिनीपर्यंत येतात. मधले यूव्ही-बी किरण बहुतांशी ओझोन अडवतो आणि थोडे खाली येतात. ओझोन कमी झाला की हाच 'थोडे'चा हिस्सा वाढतो. आरोग्याचा सगळा प्रश्न या मधल्या किरणांभोवती फिरतो.

ओझोन मोजण्याच्या कामात भारताचा वाटा जुना आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झालेल्या अ‍ॅना मणी यांनी पुढे फुग्याला बांधून आकाशात सोडायचं, ओझोन मोजणारं भारतीय बनावटीचं उपकरण विकसित केलं. तेव्हा ओझोनचं छिद्र हा शब्दही कुणी ऐकलेला नव्हता.

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. दिल्ली-मुंबईच्या प्रदूषणाच्या बातम्यांमध्ये 'ओझोन वाढला' असं येतं, तो ओझोन वेगळ्या जागचा. वायू तोच, पण तो गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर उन्हात तापून जमिनीलगत तयार होतो आणि थेट फुफ्फुसात जातो. दम्याच्या रुग्णांना तो त्रासाचा. तो वर जाऊन छिद्र बुजवत नाही.

मग ओझोन संपवला कुणी?

गोष्ट सुरू होते फ्रिजपासून. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू असायचे. गळती झाली की माणसं दगावायची. १९२८ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थॉमस मिजली यांनी त्याला पर्याय शोधला: क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी. विषारी नाही, पेट घेत नाही, कशाशी रासायनिक क्रिया करत नाही. १९३० मध्ये मिजली यांनी भर सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थांची. एका माणसाने वातावरणाचं इतकं नुकसान केल्याचं दुसरं उदाहरण सापडणं अवघड.)

सीएफसी मग फ्रिज, एसी, परफ्यूमचे आणि डासांचे स्प्रे, गाद्यांचा फोम, सर्किट धुण्याची रसायनं अशा सगळ्यांत शिरला. त्याचा गुण हाच पुढे दोष ठरला. कशाशीच क्रिया करत नसल्याने तो खालच्या हवेत नष्ट होत नाही. सीएफसी-११ वातावरणात सुमारे ५० वर्षं टिकतो, सीएफसी-१२ सुमारे १०० वर्षं. हळूहळू तो स्थितांबरात पोचतो आणि तिथल्या तीव्र अतिनील किरणांनी फुटतो. त्यातून क्लोरीनचा अणू सुटा होतो.

हा क्लोरीन ओझोनच्या रेणूतला एक ऑक्सिजन ओढून घेतो, ओझोन मोडतो, मग तो ऑक्सिजन दुसरीकडे सोडून देतो आणि पुन्हा मोकळा. लगेच पुढचा ओझोन. स्वतः खर्ची न पडता एक अणू असे लाखभर रेणू मोडू शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोघांनी १९७४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात हे मांडलं, तेव्हा रसायन उद्योगाने ते उडवून लावायचा जोरदार प्रयत्न केला. या दोघांना पॉल क्रुटझन यांच्यासोबत नोबेल मिळालं ते १९९५ मध्ये.

प्रत्यक्ष पुरावा आला १९८५ च्या मे महिन्यात. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तिथल्या वसंत ऋतूतला ओझोन झपाट्याने घसरत होता.

पण वायू सोडले अमेरिका-युरोपने, आणि छिद्र पडलं जिथे माणूसच राहत नाही तिथे, असं का? सुटलेला वायू काही वर्षांत जगभरच्या हवेत मिसळतो, त्यामुळे तो कुठे सुटला याला फारसा अर्थ उरत नाही. फरक पडतो तो थंडीने. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात स्थितांबराचं तापमान उणे ७८ अंशांच्याही खाली जातं आणि तिथे बर्फकणांचे ढग तयार होतात. एरवी निरुपद्रवी संयुगांमध्ये अडकून पडलेला क्लोरीन या कणांच्या पृष्ठभागावर मोकळा व्हायला तयार होतो. सहा महिन्यांची रात्र संपून सूर्य उगवला की त्याचं काम सुरू. म्हणून छिद्र पडतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि डिसेंबरपर्यंत बहुधा भरतं. हे कोडं सोडवण्यात सुसान सोलोमन यांचा वाटा मोठा. १९८६ मध्ये अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो केंद्रावर गेलेल्या मोहिमेचं नेतृत्व त्यांनी केलं, तेव्हा त्या तिशीच्या होत्या.

सीएफसी एकटा गुन्हेगार नाही. आग विझवायच्या सिलिंडरमधले हॅलॉन, कार्बन टेट्राक्लोराइड, गोदामातल्या धान्याला धुरी द्यायचं मिथाइल ब्रोमाइड हे सगळे त्याच यादीत आहेत. हॅलॉनमधला ब्रोमीन तर ओझोन मोडण्यात क्लोरीनच्या कितीतरी पट पुढे.

शरीरात नेमकं काय होतं?

यूव्ही-बी किरण त्वचेच्या वरच्या पेशींमधल्या डीएनएवर थेट आघात करतात. डीएनएच्या साखळीतले शेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात. पेशीकडे अशी चूक दुरुस्त करायची यंत्रणा असते आणि बहुतेक वेळा ती काम करते. पण वर्षानुवर्षं रोज मार बसला, तर काही चुका राहून जातात आणि त्यातून कॅन्सरची सुरुवात होऊ शकते. त्वचेच्या कॅन्सरचे दोन प्रकार तुलनेने हळू वाढणारे, वेळेत काढले तर बरे होणारे. तिसरा मेलानोमा. तो कमी आढळतो, पण शरीरभर पसरतो आणि जीव घेतो.

यातली महत्त्वाची बाब म्हणजे वेळ. लहानपणी भाजलेल्या त्वचेचा हिशेब पन्नाशी-साठीत समोर येऊ शकतो. त्यामुळे ओझोन सुधारू लागला म्हणून लगेच कॅन्सरचे आकडे उतरत नाहीत.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. तिथे सत्तरीपर्यंत दर तीनपैकी दोन जणांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा त्वचेचा कॅन्सर होतो. मात्र त्याचं सगळं खापर छिद्रावर फोडणं बरोबर नाही. छिद्र ऑस्ट्रेलियावर नाही, अंटार्क्टिकावर आहे. युरोपच्या कमी उन्हासाठी घडलेली गोरी त्वचा कडक उन्हाच्या देशात आली, हे तिथलं मूळ कारण. ओझोनच्या ऱ्हासाने त्यात भर घातली. दक्षिण चिलीतल्या पुंता अरेनाससारख्या शहरांचं वेगळं आहे. छिद्राची कड काही दिवस खरोखरच त्यांच्या डोक्यावर सरकते.

भारतीय त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे त्वचेचा कॅन्सर इथे बराच कमी. कोड असलेल्या किंवा जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या लोकांना मात्र हे संरक्षण मिळत नाही, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे क्वचितच बोललं जातं.

पण डोळ्यांचं काय? सावळी त्वचा डोळ्याच्या भिंगाला वाचवत नाही. अतिनील किरणांनी भिंगातली प्रथिनं हळूहळू गढूळ होतात आणि मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. मोतीबिंदूमुळे जगात सुमारे दीड कोटी लोक अंध आहेत आणि त्यातल्या दहा टक्क्यांपर्यंत लोकांच्या बाबतीत अतिनील किरण हे कारण असू शकतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वय, मधुमेह, तंबाखू ही कारणं आहेतच. बुबुळाच्या कडेला मांस वाढतं, ज्याला गावाकडे वडस म्हणतात, त्याचाही उन्हाशी जवळचा संबंध आहे. शेतात, समुद्रावर, मिठागरात, रस्त्याच्या कामावर दिवस काढणाऱ्यांमध्ये तो जास्त दिसतो. एसी केबिनमधल्या माणसाकडे गॉगल असतो आणि ऊस तोडणाऱ्याकडे नसतो, हा या प्रश्नाचा आपल्याकडचा चेहरा आहे.

तिसरा परिणाम कमी माहितीचा. यूव्ही-बी त्वचेतली रोगप्रतिकारशक्ती तात्पुरती दाबतो. कडक उन्हात फिरून आल्यावर काहींच्या ओठांवर पुरळ उठतं, ते दबून बसलेला हर्पिसचा विषाणू जागा झाल्याने. आणि हो, हाच यूव्ही-बी त्वचेत ड जीवनसत्त्वही तयार करतो. त्यामुळे ऊन पूर्ण टाळा असं कुठलाही डॉक्टर सांगत नाही.

भारतावर छिद्र नाही, मग आपला काय संबंध?

भारतावर ओझोनचं छिद्र कधीच पडलेलं नाही. पण विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात ओझोन मुळातच कमी असतो, साधारण २५० ते २८० डॉब्सन, आणि सूर्य डोक्यावर असतो. त्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यातल्या दुपारी यूव्ही निर्देशांक ११ च्या वर जाणं नेहमीचं. हा आकडा ३ च्या पुढे गेला की टोपी, छत्री, सावली पाहावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ११ च्या पुढे त्याला 'अतितीव्र' म्हणतात.

यात फसवणारी गोष्ट अशी की अतिनील किरण जाणवत नाहीत. अंगाला चटका बसतो तो उष्णतेचा. महाबळेश्वरला गार वारं सुटलेलं असतं म्हणून पर्यटक टोपी बॅगेत ठेवतात. प्रत्यक्षात दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. पातळ ढगांतूनही त्यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण खाली येऊ शकतात. 'ओझोनला भोक पडलं म्हणून उन्हाळा वाढला' हे वाक्यही याच गोंधळातून येतं. तापमानवाढीचं मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडसारखे वायू आहेत, छिद्र नव्हे.

करार झालाच नसता तर? नासाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये संगणकावर हा हिशेब मांडला. सीएफसीचा वापर वाढत राहिला असता तर २०६५ पर्यंत जगातला दोन तृतीयांश ओझोन संपला असता आणि वॉशिंग्टनसारख्या शहरात उन्हात पाच मिनिटं थांबलं तरी त्वचा भाजली असती. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजानुसार १८९० ते २१०० या काळात जन्मलेल्या एकट्या अमेरिकी लोकांमध्ये या करारामुळे त्वचेच्या कॅन्सरचे सुमारे ४४ कोटी रुग्ण आणि मोतीबिंदूचे सव्वासहा कोटींहून जास्त रुग्ण टळतील.

करार जमला कसा?

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. १ जानेवारी १९८९ पासून तो लागू झाला आणि २००९ मध्ये जगातल्या प्रत्येक देशाने मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा तो पहिला करार ठरला.

भारताने मात्र लगेच सही केली नव्हती, आणि त्यामागचा मुद्दा रास्त होता. घाण केली श्रीमंत देशांनी, फ्रिज घरोघर पोचले त्यांच्याकडे, मग महागडं नवं तंत्रज्ञान गरीब देशांनी स्वतःच्या पैशाने का घ्यावं? १९९० च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी हा प्रश्न लावून धरला, चीनचीही हीच भूमिका होती. त्यातून विकसनशील देशांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला. भारत आणि चीन आले तर तो १६ कोटी डॉलरवरून २४ कोटींपर्यंत वाढवायचं ठरलं. भारत १९ जून १९९२ रोजी करारात सामील झाला. आजच्या हवामान परिषदांमध्ये पैशावरून जे अडतं, ते इथे सुटलं होतं, हे लक्षात घेण्यासारखं.

भारताने सीएफसीचं उत्पादन १ ऑगस्ट २००८ पासून थांबवलं, मुदतीच्या १७ महिने आधी. एक अपवाद होता: दम्याचे पंप. औषध फवारण्यासाठी त्यातही सीएफसीच असायचा. श्वासाच्या रुग्णांचं औषध एका रात्रीत बंद करता येत नव्हतं, म्हणून पर्यायी वायूचे पंप तयार होईपर्यंत थोडी सवलत मिळाली.

आता गाडी अडलीय कुठे?

सीएफसीच्या जागी आधी एचसीएफसी आला. एसीतला आर-२२ हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा. तो ओझोनचं नुकसान सीएफसीच्या मानाने फार कमी करतो, पण करतो. म्हणून त्यालाही जायचं आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नव्या उपकरणांच्या उत्पादनात एचसीएफसी वापरायला बंदी आहे. २०३० पर्यंत तो जवळपास संपवायचा आहे.

त्याच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला हात लावत नाहीत, पण हवा तापवतात. आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. सध्या नव्या एसीत सर्रास असलेला आर-३२ सुमारे ६७५ पट. एक आजार बरा करताना दुसरा लागावा तसं हे झालं. त्यावर २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे माँट्रियल करारातच दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. भारतासाठी २०२८ पासून वापर गोठवायचा, २०३२ पासून कपात सुरू, आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के घट. तोवर एसी घेणारी घरं कितीतरी वाढलेली असतील. खरी परीक्षा तिथे आहे.

कायद्याच्या बाहेरचे धोकेही आहेत. जगभर बंदी असलेल्या सीएफसी-११ चं हवेतलं प्रमाण अपेक्षेइतकं घटत नाही, हे २०१८ मध्ये मोजमापांतून उघड झालं. पुढच्या वर्षी त्याचा मोठा स्रोत पूर्व चीनमध्ये सापडला. गाजावाजा झाला, कारवाई झाली आणि नंतरच्या नोंदींत उत्सर्जन पुन्हा उतरलं. चोरी पकडली गेली ती हवेवर कायम पाळत ठेवणारी केंद्रं चालू होती म्हणून. दुसरीकडे नायट्रस ऑक्साइड हा ओझोन मोडणारा वायू या करारात नाहीच. तो युरियासारख्या नत्र खतांच्या अतिवापरातून शेतातून सुटतो. आज माणसाकडून सुटणाऱ्या वायूंमध्ये ओझोनचं सर्वाधिक नुकसान तोच करतो, हे ए. आर. रविशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्येच दाखवून दिलं होतं.

शास्त्रज्ञांच्या २०२२ च्या आढाव्यानुसार सगळं ठरल्याप्रमाणे चाललं तर ओझोन १९८० च्या पातळीवर येईल तो अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास, आर्क्टिकवर २०४५ मध्ये आणि उर्वरित जगात २०४० पर्यंत.

या 'ठरल्याप्रमाणे'मध्ये जुनी यंत्रंही येतात. कारखान्यांवर बंदी घालता येते, पण आधीच फ्रिज, एसी आणि फोममध्ये भरून ठेवलेला वायू तसाच असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो आणि भरून देतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा हवेत गेलेला असतो. आर-२२ चा एक किलो हवेत सोडणं म्हणजे जवळपास १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं, ओझोनचं नुकसान वेगळंच.

यंत्र उघडण्याआधी गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरून घ्यायची मशीन मिळते आणि मेकॅनिकना त्याचं प्रशिक्षण देण्याची तरतूद सरकारी योजनेतही आहे. पण मशीन महाग, ग्राहक घाईत, आणि जुना एसी शेवटी जातो भंगारात. तिथे तांब्याची नळी कापली जाते, कारण तांब्याला भाव आहे. आत उरलेला गॅस फुस्स करून निघून जातो. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता एचसीएफसीचा थोडा वापर २०४० पर्यंत चालू ठेवायला करारात परवानगी आहे. म्हणजे आणखी १५ उन्हाळे तरी हा गॅस मेकॅनिकच्या पाठीवरच्या सिलिंडरमधून घराघरांत येत राहणार आहे.